आलं, बसलं, गेलं

पगारेमामांविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारा मी पहिला. वडील सही करतात, पण त्यासाठी ते मांडी घालून बसतात आणि आजूबाजूच्यांना गप्प करतात. माझ्या हातूनही परीक्षेच्या उत्तरांपलीकडे फारसं काही लिहून झालेलं नाही. मामांना तीस तीस वर्षं ओळखणारी माणसं नाशकात आहेत. त्यांच्यापैकी कोणी लिहायला हवं होतं. पण कोणी लिहिलं नाही, आणि माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. म्हणून माफी मागून सुरुवात करतो.

आणखी एक. मी इथं 'आले, गेले, झाले' असं न लिहिता 'आलं, गेलं, झालं' असं लिहितो आहे. परीक्षेत मी असं लिहीत नाही. कोणी हा मजकूर तपासणार असेल तर त्याने ही टिंबं तेवढी राहू द्यावीत. कारण पुढे कळेल.

पगारेमामा पेठ रोडला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, बैलाला खोड्यात, म्हणजे लाकडी दांड्यांच्या चौकटीत, उभं करून डॉक्टरांच्या हातात सुई देणं हे त्यांचं काम. बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्याला भरपूर तेल. अंगात अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा. सदऱ्याच्या खिशात दोनच वस्तू असत : एक निळं पेन आणि आल्याचा तुकडा. आलं चहासाठी. औषधांच्या खोलीत ते दिवसातून तीनदा चहा करत आणि आलं दवाखान्याच्याच खलबत्त्यात कुटत. सकाळी त्याच खलात पोटफुगीचं औषध कुटलेलं असे. त्यामुळे पहिल्या चहाला हिंगाचा वास यायचा. डॉक्टर तो चहा घेत नसत. मामा म्हणत, "साहेबांचं पोट चांगलं आहे, त्यांना गरज नाही."

बारावीनंतर सटाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातून मी बी.ए.ला नाशकात आलो आणि दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत खोली घेतली. खोलीची खिडकी दवाखान्याच्या आवारात उघडायची. घरी आम्ही अहिराणी बोलतो, 'आहे'ला 'शे' म्हणतो. कॉलेजात दुसऱ्याच दिवशी सरांनी गाव विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून ते 'शे' निघालं आणि मागचे तीन बाक हसले. त्यानंतर मी वर्गात फार बोललो नाही. खोलीवर आलो. खिडकीखाली एक तांबडी गाय बांधलेली होती. आमच्या घरच्या गाईसारखीच तिची शिंगं होती. इकडेतिकडे बघून मी तिला विचारलं, "काय करी ऱ्हायनी माय?"

उत्तर खोड्यामागून आलं. "बरी आहे ती. पायाला लागलंय फक्त. तुमच्या सटाण्याकडचीच आहे का, विचारा तिला."

हे पगारेमामा. त्या दिवसापासून माझं नाव 'सटाणा' पडलं. दवाखान्याच्या रजिस्टरात मालकाचं नाव, गाव, जनावराचा रंग, शिंगांचा आकार एवढं लिहितात. मामांच्या डोक्यात माणसंही त्याच पद्धतीने नोंदलेली होती. नावं त्यांना फार थोडी येत. 'मखमलाबाद, डावा पाय ओढतो तो.' 'दिंडोरीवाली, तिची म्हैस गरीब आहे पण नवरा मारका.' माझ्याकडे वर्षभर 'सटाणा, वर्ण सावळा, शिंगं नाहीत' अशी हाक येत असे. शिंगं नाहीत यात थोडी तक्रार होती, असं मला वाटतं. मी कोणाला उलटून बोलत नसे, ते त्यांना आवडत नसावं.

जनावराला ते पेशंट म्हणत. सुई टोचताना घाबरतात ते बहुतेक मालक. मामा खोड्याशी उभे राहून शांतपणे सांगत, "पेशंट ठीक आहे. माणसाला धरा."

त्यांची एक हकीकत मी स्वतः पाहिलेली आहे. मखमलाबादच्या एका मळेवाल्याची गाय संध्याकाळी दूध चोरायला लागली होती. सकाळी देई, संध्याकाळी आचळ रिकामं. धार काढायला मळ्यावरची एक बाई होती, तिच्यावर आळ आला. मळेवाल्याने तिला कामावरून काढलं आणि गाईला घेऊन दवाखान्यात आला. म्हणाला, "बाई गेली तरी दूध नाही. ती जाताना काहीतरी करून गेली. औषध द्या."

मामांनी गाईकडे बघितलं नाही. त्यांनी मळेवाल्याला विचारलं, "दुपारी कोणाबरोबर चरते?"

"एकटीच. म्हणजे तिची मागच्या वेताची कालवड असते बरोबर."

मामांनी कडुनिंबाचा पाला वाटून त्याचा गोळा करून दिला. "दुपारी हा आचळाला चोळा, आणि संध्याकाळपर्यंत कोणाचं तोंड वाकडं होतं ते बघा."

दुसऱ्या दिवशी मळेवाला हसत आला. दोन वर्षांची ती घोडी कालवड आईचं दूध पीत होती. कडुनिंबाच्या पाल्याने दुपारभर जीभ बाहेर काढून उभी होती म्हणे. मळेवाल्याला वाटलं, काम संपलं. त्याने मामांना द्यायला कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या होत्या.

"त्या बाईकडे जाऊन आलात का?" मामांनी विचारलं.

"येईल ती कामाला. निरोप पाठवतो."

"निरोप नको. तुम्ही तिला काढलं तेव्हा मळ्यावर कितीजण होते?"

"असतील आठ-दहा."

"मग तेवढ्यांना घेऊन तिच्या दारात जा आणि सांगा की कालवड होती. तोवर कोथिंबीर तुमच्याकडे राहू द्या."

मळेवाला गेला की नाही, मला माहीत नाही. पण चार दिवसांनी औषधांच्या खोलीत कोथिंबिरीचा वास होता. मामा म्हणाले, "चोर सापडतो, सटाणा. त्यात काही विशेष नाही. ज्याच्यावर आळ आला त्याच्या दारात जाणं अवघड. ते काम गोष्टीतले डिटेक्टिव्ह कधी करत नाहीत."

गोष्टीतल्या डिटेक्टिव्हांचा विषय तेव्हा पहिल्यांदा निघाला. मामा स्वतः गोष्ट लिहीत होते. जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूला, निळ्या पेनाने. मुलांसाठी एक रहस्यकथा, आणि तिच्यातले सगळे तपास करणारे प्राणी. सुट्टीच्या दिवशी, खोडा रिकामा असे तेव्हा ते त्या खोड्याच्या दांडीवर कागद ठेवून उभ्याने लिहीत. ओळीदोन ओळी लिहून झाल्या की जाऊन एखाद्या जनावराजवळ थांबत, त्याच्याकडे बघत, आणि परत येऊन एखादं वाक्य खोडत.

त्यांचा एक नियम होता. जनावराला जे कळत नाही ते त्याने गोष्टीत सांगायचं नाही. कुत्र्याला वास कळतो, पण वार कळत नाही. घोड्याला वाट आठवते, माणसाचं नाव आठवत नाही. एकदा त्यांनी शेळीच्या तोंडी 'परवा' हा शब्द घातला होता. तो खोडण्यासाठी ते संध्याकाळी खास माझ्या खिडकीशी आले आणि माझ्याकडून कागद परत घेऊन गेले. "शेळीला परवा नसतो," म्हणाले. "तिला आत्ता असतो आणि मघाशी असतो."

गोष्ट साधी होती. नाव 'पाटीखालची भाकर'. एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर रोज आपली भाकर फडक्यात बांधून उपड्या पाटीखाली ठेवतो. एके दिवशी दुपारी भाकर गायब होते. आवारात बांधलेले पेशंट ठरवतात की चोर आपणच शोधायचा, नाहीतर आळ आपल्यावर येईल. तपासाचा प्रमुख एक लंगडं गाढव. चोरी पाहिलेली एकच साक्षीदार, खिडकीत बसणारी साळुंकी. ती माणसांचं ऐकून ऐकून थोडं बोलायला शिकलेली. ती तीनच शब्द सांगते, "आलं. बसलं. गेलं."

शेळीला वाटतं, आलं म्हणजे चहातलं आलं. ती औषधांच्या खोलीत घुसून तिथलं सगळं आलं खाऊन टाकते आणि गाढव म्हणतं, "पुरावा होता तो." मग एकेकाची चौकशी. दवाखान्यातलं वासरू, पण त्याच्या तोंडाला मुस्कं होतं. कौलावरचं माकड, पण ते एका जागी बसत नाही. झाडावरचं घुबड, पण ते भाकरीकडे बघत नाही. पिंजऱ्यातलं मांजर, पण पिंजऱ्याला कडी होती. गाढव स्वतःचीही चौकशी करतं, पण ते दाव्याला होतं. मग ते खूप वेळ कान हलवत उभं राहतं आणि म्हणतं, "साळुंकीने सगळं सांगितलं आहे. आपण नीट ऐकलं नाही. मला कळलं. तपास बंद." दुसऱ्या दिवशी ड्रेसर पाटीखाली दोन भाकरी ठेवतो. गोष्ट संपते.

"चोर कोण?" मी विचारलं.

"तुला नाही कळलं?"

"नाही."

"मग परत वाच."

मी दोनदा वाचली. मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या मराठीत मला चांगले मार्क होते, त्यामुळे दोष गोष्टीचा असेल असं मला वाटलं.

त्या काळात मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायला जात असे. तिथून मुलांचा एक दिवाळी अंक निघायचा. अंकाचे संपादक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, स्वच्छ धोतरातले आणि स्वच्छ भाषेचे. मी त्यांना गोष्ट दिली. त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामा सायकल छापखान्याच्या पायरीला टेकवून आत आले आणि बसा म्हणेपर्यंत उभे राहिले.

"डिटेक्टिव्ह गाढव?" संपादक म्हणाले. "कुत्रा करा की. कुत्र्याला वास येतो."

"वास सगळ्यांनाच येतो, सर. कुत्रा वासामागे पळत सुटतो. गाढव उभं राहून ऐकतं."

"पण पालक काय म्हणतील?"

"पालकांना वाईट वाटायचं कारण नाही. त्यात त्यांचं नाव नाही."

संपादक हसले. मग म्हणाले, "चोर तरी कोल्हा दाखवा. मुलांना लगेच कळतं."

"कोल्ह्याने काय केलंय, सर? आमच्या दवाखान्यात त्याच्याविरुद्ध आजवर एक तक्रार नाही."

"तात्पर्यही नाही शेवटी. आणि चोराचं नाव तर तुम्ही लिहिलेलंच नाही."

"ते पोरांनी कार्डावर लिहून पाठवायचं. खाली दवाखान्याचा पत्ता टाका."

संपादक बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि शेवटी हो म्हणाले. मला वाटतं त्यांना गाढव आवडलं होतं.

परत येताना मामा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. रविवार कारंजा आला. मग म्हणाले, "एकाला तरी कळायला पाहिजे, सटाणा. कोणी न सांगता. एका पोराने जरी बरोबर ओळखलं ना, तरी माझं झालं. दुसरी गोष्ट मी लिहिणार नाही."

मी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?"

"चौथीत होतो. एका मुलाचा डबा गेला. बाईंनी कोणाचं नाव घेतलं नाही. पण वर्गातली सगळी पोरं मान वळवून माझ्याकडेच बघायला लागली."

"मग?"

"मग काय. मी नव्हता घेतला. ज्याने घेतला त्याला मी खाताना बघितलं होतं. त्याला भूक होती. मी सांगितलं नाही." सायकल दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं. साक्ष देणाऱ्यापेक्षा ऐकणारा चांगला लागतो."

हे त्यांनी एकदाच सांगितलं, आणि सायकलवर बसून पुढे गेले.

आता माझा भाग. तो थोडक्यात सांगतो.

संपादकांनी मला सांगितलं होतं, "पगारे चांगलं लिहितात, पण भाषा बोलीतली आहे. तेवढी लेखी करून घ्या." मी ते फार मनावर घेतलं. 'शे' म्हटल्यावर हसणारे तीन बाक मला आठवत होते. मी तांबडं पेन घेतलं आणि जिथं 'झालं' होतं तिथं 'झाले' केलं, 'म्हणालं' होतं तिथं 'म्हणाले' केलं. जाणत्या तपासनिसाने प्राण्यांचं बोलणं तरी तसंच ठेवलं असतं, कारण बोलण्यात टिंब चालतं. मी तेही ठेवलं नाही. साळुंकी सरकारी दवाखान्यात वाढलेली आहे, तिने शुद्ध बोलावं असं मला वाटलं. तिचे तीन शब्द मी 'आले. बसले. गेले.' असे केले.

अंक दिवाळीच्या आधी आला. मी मामांना नेऊन दिला. ते खोड्याला टेकून उभे होते. त्यांनी गोष्ट काढली, वाचत गेले, आणि साळुंकीपाशी थांबले. बोट त्या ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, "छापखान्यात टिंबं संपली होती का?"

मी म्हणालो, "विचारतो."

मग कार्डं यायला लागली. सगळी मिळून नऊ-दहा असतील. पोस्टमन ती जनावरांच्या औषधांच्या टपालाबरोबर देई आणि मामा हातातलं काम टाकून ती वाचत. एकाने लिहिलं होतं, 'चोर म्हणजे पाहुणे. कारण आमच्याकडे पण पाहुणे आले, बसले, गेले असेच होते आणि नंतर भाकरी उरत नाहीत.' मालेगावच्या एका मुलाने लिहिलं होतं, 'चोर एक नाही, पुष्कळ आहेत. टोळी आहे.' एका मुलीने लिहिलं होतं, 'चोर मोठे साहेब असणार. साळुंकी त्यांना आदराने बोलते. साहेबच येतात, बसतात आणि जातात.'

हे कार्ड मामांनी डॉक्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टरही हसले. मामा म्हणाले, "पोरं हुशार आहेत. त्यांना जे सांगितलं त्याचा त्यांनी बरोबर अर्थ काढलाय." आणि कार्डं रजिस्टरच्या पेटीत ठेवली. संक्रांतीनंतर कार्डं थांबली. पण पोस्टमन आवारात आला की मामा हातातली पट्टी धरून त्याच्याकडे बघत. तो मान हलवी. मग ते पट्टी बांधायला लागत.

मला ते खिडकीतून रोज दिसायचं. अभ्यासाला बसलं तरी दिसायचं. शेवटी एका दुपारी मी औषधांच्या खोलीत गेलो. ते धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत बसले होते.

"मामा, टिंबं मी काढली."

ते गुंडाळत राहिले. "किती?"

"साळुंकीची तीन."

"तीन टाके," ते म्हणाले. "टाका लवकर काढला की जखम उघडते, एवढंच असतं. का काढलीस?"

"शुद्ध दिसावं म्हणून."

"साळुंकी अशुद्ध होती का?"

मी एक पट्टी उचलून गुंडाळायला घेतली.

"माझी आई 'व्हतं' म्हणायची," मामा म्हणाले. "ती साक्षीला उभी राहिली असती तर आधी तू तिचं बोलणं सुधारून घेतलं असतंस. मग ती जे बोलली ते राहिलं असतं बाजूला." आवाज चढलेला नव्हता. बैलाला काय झालंय हे मालकाला सांगावं तसं ते सांगत होते. "साळुंकी 'आला' म्हणाली का? 'आली' म्हणाली का?"

"नाही. आलं म्हणाली."

"मी आधी 'भाकर खाल्ली' असंही तिच्या तोंडी घातलं होतं. नंतर खोडलं. 'खाल्ली' हा शब्द चोराकडे बघत नाही, भाकरीकडे बघतो. तो साक्षीदार आपल्या कामाचा नाही. आलं, बसलं, गेलं हे तीन चोराकडे बघतात. आता तुझं तू बघ."

एवढं बोलून त्यांनी चहा ठेवला. आलं कुटून झाल्यावर कप माझ्यापुढे केला.

मला दोन दिवस लागले. तो नाही, ती नाही, म्हणजे ते. वासरू ते, माकड ते, घुबड ते, मांजर ते, गाढवसुद्धा ते. त्या एका शब्दावरून त्यांनी सगळे संशयित निवडले होते आणि एकेकाला निर्दोष सोडलं होतं. मग ते म्हणायचं असं राहिलं कोण? तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई शेळी घेऊन आवारात आली. तिच्या कडेवर रडणारं होतं. ती मामांना म्हणाली, "ह्याला भूक लागलीय, जरा लवकर बघा." मामा आत गेले आणि चहाबरोबरचा पाव आणून त्याच्या हातात दिला.

मी खिडकीतून म्हणालो, "मूल."

मामांनी वर बघितलं. "कोणाचं?"

"ते तुम्ही लिहिलेलं नाही."

"लिहिणार पण नाही," ते म्हणाले आणि शेळीच्या पायाकडे वळले. माझं उत्तर त्यांनी धरलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी सांगितल्यावर मला कळलं होतं.

मी एक उपाय करून बघितला. छापखान्यात न खपलेल्या अंकांचे गठ्ठे पडले होते. संपादक ते सुरगाण्याकडच्या शाळांना वाटायला देणार होते. दोन दुपारी तिथं बसून मी जमतील तेवढ्या प्रतींत साळुंकीच्या तीन शब्दांवर पेनाने टिंबं दिली. त्यामुळे ते शब्द 'आलें, बसलें, गेलें' असे झाले. संपादकांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तर जुनं शुद्धलेखन झालं. पूर्वी एकटं 'ते' असलं की असंच लिहीत." म्हणजे चुकीवर टिंब देऊन मी पन्नास वर्षं मागे जाऊन बरोबर झालो होतो. मी एक प्रत मामांना दाखवली. ते म्हणाले, "पोथीसारखं दिसतंय. असू दे." पुढच्या वर्षी तो अंक बंद पडला. संपादक मुलाकडे राहायला गेले.

बी.ए. झाल्यावर वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी गावाकडे परतलो. निघायच्या दिवशी दवाखान्यात गेलो, तेव्हा मामा एका टांग्याच्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. त्यांनी हात धुतले, रजिस्टरमधून एक केसपेपर काढला, खोड्याच्या दांडीवर ठेवून उभ्याने भरला आणि घडी करून मला दिला. तो बसमध्ये उघडून बघितला. अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलं आहे :

'जनावर सटाण्याचं. वय एकवीस. चालतं, खातं. बोलताना शे म्हणतं. उपचाराची गरज नाही.'

मी फाटकातून वळून बघितलं तेव्हा ते परत बसले होते. घोड्याने मान वळवून त्यांचा खांदा हुंगला, त्यांनी कोपराने त्याचं तोंड हळूच बाजूला सारलं. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

गावाकडे तीन-चार वर्षं गेली. मी पत्र लिहिलं नाही. काय लिहावं आणि कोणत्या भाषेत लिहावं, हे ठरत नसे. वडील बरे झाले, मी परत नाशकात येऊन एम.ए.ला नाव घातलं. दवाखान्यात गेलो तर नवा ड्रेसर होता. त्याने मामांच्या घराचा पत्ता दिला. पेठ रोडलाच, आतल्या वसाहतीत. जाऊ जाऊ म्हणत आणखी काही महिने गेले.

दार मामींनी उघडलं. मी याआधी त्यांना दोनदाच भेटलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी मामांचा फोटो होता. मी फोटोकडे बघत उभा राहिलो.

"चार महिने झाले," मामी म्हणाल्या. "बसा. तुम्ही ते सटाणा ना?"

"हो."

"बरं झालं आलात. तुमचा पत्ता कोणाकडेच नव्हता." त्यांनी पाणी दिलं आणि आतून एक पोस्टकार्ड आणलं. "हे दवाखान्यात आलं होतं. तिथल्या माणसाने घरी आणून दिलं. हे तेव्हा अंथरुणावर होते, पण उठून बसले. आठ दिवस सदऱ्याच्या खिशात होतं. म्हणून चुरगळलंय."

कार्ड सुरगाण्याच्या बाजूच्या एका आश्रमशाळेतून आलेलं होतं. अक्षर पाचवी-सहावीतल्या मुलीचं. कार्डाला आल्याचा वास येत होता. तिने लिहिलं होतं :

'आमच्या शाळेच्या पेटीत तुमचा अंक सापडला. सुट्टीत मी घरी नेला. माझ्या आईला वाचता येत नाही म्हणून मी तिला गोष्ट वाचून दाखवली. आमच्यात जसं बोलतात तसं वाचली. आई कांदे चिरत होती. साळुंकीचं ऐकून ती म्हणाली, लेकरू असंल कोणाचं, भुकेलं असंल. मग गाढवाने सांगितलं नाही ते बरं केलं असं पण म्हणाली. हे बरोबर आहे का ते कळवा.'

त्या अंकावर माझी टिंबं होती की नव्हती, हे कार्डात नाही. मी दोन्ही बाजू बघितल्या.

"मामांनी तिला कळवलं?" मी विचारलं.

"लगेच. दुसऱ्या दिवशीच कार्ड टाकायला लावलं मला." मामी कार्ड परत हातात घेऊन त्याची चुरगळ बोटांनी सपाट करत होत्या. "आणि तुम्हाला पण कळवा म्हणत होते. दोन-तीनदा म्हणाले. मी म्हटलं, काय कळवायचं, कुठं कळवायचं. तर म्हणाले, तो येईल तेव्हा एवढंच सांग."

"काय?"

"उत्तर आलं."